शिलोद्यानातील जेन्शियन

युरोपातील आल्प्स, पिरिनीज व कार्पेथियन पर्वतांच्या उतारांवर, सुमारे १४०० ते ३००० मीटर उंचीच्या कुरणांतून, बर्फ विरघळून गवत नुकते कोठे दिसू लागले असावे अशा वेळी, भुईला चिकटून बसलेल्या तुकतुकीत पानांच्या झुबक्यांतून गडद निळे, कर्ण्याच्या घाटाचे एक फूल उमलते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव जेन्शियाना अकॉलिस. रोपाची उंची बोटभर आणि फूल मात्र पाच सेंटिमीटर लांब, असा हा उफराटा हिशेब असून, वाकून आत डोकावले असता कंठात हिरवट ठिपके दिसतात. आभाळ भरून आले की ते मिटते आणि ऊन पडल्यावाचून सहसा उघडत नाही.

हे बहुवर्षायू रोप जात्याच काटक, तेव्हा इंग्लंडच्या सौम्य हवेत ते सुखाने नांदावे, असा तर्क कोणीही करील. परंतु पर्वतवासी वनस्पती सखल मुलखात आणणाऱ्या कित्येकांना हाच तर्क महाग पडला. पर्वतावर हिवाळ्याच्या आरंभी पडलेले बर्फ वसंतापर्यंत हलत नाही आणि त्या दुलईखाली जमिनीचे उष्णमान शून्याच्या आसपास स्थिर राहून रोप कोरडे व निद्रिस्त असते. याउलट इंग्लंडात आज पाऊस, उद्या गारठा, परवा पुन्हा पाऊस असा लहरी अंमल चालत असल्यामुळे रोपाच्या गळ्याशी सदैव ओल राहते आणि थंडी सोसलेले ते रोप कुजून मरते. (आपल्या महाबळेश्वरास उंची आहे, गारवाही आहे, पण आषाढ-श्रावणातला तिथला पाऊस पाहता तेथे जेन्शियनची तजवीज करण्याच्या फंदात कोणी न पडलेले बरे.)

पर्वतीय वनस्पतींची ही कैफियत इंग्रज बागवानांपुढे आग्रहाने मांडणारा लेखक म्हणजे यॉर्कशायरचा रेजिनाल्ड फॅरर. ‘माय रॉक गार्डन’ (१९०७) व ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ (१९१९) हे त्याचे ग्रंथ. मातीच्या ढिगावर धोंडे खोवून त्यालाच शिलोद्यान, म्हणजे पर्वतीय रोपांसाठी रचलेली दगडांची बाग, म्हणणाऱ्यांची त्याने यथेच्छ रेवडी उडविली. इंग्लंडातील हेन्ली गावी फ्रायर पार्क या आपल्या बागेत सर फ्रँक क्रिस्प यांनी तर मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृतीच उभारली होती. १९१४ साली ई. ए. बोल्स या बागवान-लेखकाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत फॅररने असल्या थाटावर कोरडे ओढले, तेव्हा ते कोणावर पडले हे क्रिस्प साहेबांना अचूक उमगले. उत्तराचे पत्रक मात्र त्यांनी छापले ते बिचाऱ्या बोल्स यांच्यावर!

शिलोद्यानाची खरी कारागिरी असते ती जमिनीखाली, आणि ती पाहुण्याच्या नजरेस पडत नाही. तळाशी वीतभर विटांचे तुकडे व खडी, वरची माती झिरपून त्यांतल्या फटी बुजू नयेत म्हणून मुळांसकट खणलेल्या गवताच्या लाद्या उलट्या घालून केलेला थर, त्यावर पोयटा, कुजलेला पालापाचोळा व भरड वाळू यांचे मिश्रण, असा बंदोबस्त झाल्यावर मग धोंडा बसवायचा. तोही बराचसा गाडून आणि मागे किंचित कलता, म्हणजे माथ्यावर पडलेला पाऊस पुढे ओघळून वाया न जाता मुळांकडे वळतो आणि ऐन उन्हाळ्यातही दगडाच्या पोटाशी माती गार राहते. पानांखाली दोन बोटे खडी पसरली की गळा कोरडा व मुळे ओलसर, हे दोन्ही साधते. जेन्शियन इतर पर्वतीय रोपांहून अंमळ खादाड आहे. त्याला पोयटा अधिक लागतो, ऊन भरपूर लागते आणि भोवतालची माती चांगली घट्ट दाबावी लागते. बी पेरायचे तर शरदात पेरून कुंड्या हिवाळाभर उघड्यावर ठेवाव्या, कारण थंडीची मुदत भरल्याखेरीज ते नीट रुजत नाही.

एवढे करूनही फुलांची हमी नाही. एका बागेत वाटेच्या कडेने, विशेष निगा नसता, ते वसंतात निळेभोर होते, आणि शेजारच्या बागेत, तीच माती व तेच ऊन असता, वर्षानुवर्षे नुसती पाने धरून बसते. जाणत्या बागवानांचा शिरस्ता असा, की अशा हट्टी रोपाची खताने मनधरणी करीत न बसता त्याचा गड्डा उचलावा, दोन-तीन ठिकाणी वाटून बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत लावावा, आणि त्यांतला जो तुकडा फुलेल त्याच्याच शेजारी बाकीचे नेऊन बसवावे.