घराची राखण : जागल्यापासून विजेच्या घंटेपर्यंत

मनुष्य घर बांधून राहूं लागला तेव्हांपासून त्यास चोराची भीति आहे; आणि चोर आला असतां वेळेवर आरोळी कशी उठेल, याची कांहीं ना कांहीं योजना प्रत्येक काळांतील लोकांनीं केलेली आढळते. अलीकडे आपल्या नगर शहरांत, ज्याचें सरकारी नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, सावेडी व केडगांव या भागांतील नव्या घरांवर, कापडबाजारांतील दुकानांवर आणि बँकांच्या शाखांवर भिंतीस लाविलेला एक भोंगा दृष्टीस पडतो. त्याची पेटी आंत कोठें तरी झांकलेली असते. ह्या पेटींत काय असतें, ती कशी चालते, आणि ती भिंतीस लाविल्यानें आपलें काम संपतें कीं तेथूनच सुरू होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

राखण ह्या एका शब्दांत तीन निरनिराळीं कामें आहेत. कोणी आला हें ओळखणें हें पहिलें. तें ज्यास कळावयास पाहिजे त्यास कळविणें हें दुसरें. आणि धांवून जाणें हें तिसरें. यंत्र पहिलीं दोन कामें करितें, आणि कित्येक वेळां मनुष्यापेक्षांही चांगलीं करितें. तिसरें काम मात्र शेवटीं माणसांसच करावें लागतें. हा भेद ज्याच्या ध्यानांत नाहीं तो गृहस्थ हजारों रुपये खर्च करून केवळ एक आवाज विकत घेतो.

आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत हीं तीनही कामें माणसांवर सोंपविलेलीं होतीं. वेशीवर वेसकर असे. रात्रीं फिरावयास जागल्या असे, व तो पुष्कळ ठिकाणीं रामोशी किंवा भिल्ल असे. आणि सर्वांवर पाटील. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत ह्या पद्धतीचें वर्णन आहे. जागल्यानें रात्रीं पहारा करावा एवढेंच नव्हे, तर गांवांत कोण आला, कोण गेला, परका मनुष्य कोणाकडे उतरला, हें पाहून पाटलास कळवावें, असा रिवाज होता. चोरी झाली कीं पावलांचा माग काढीत त्यानें शिवेपर्यंत जावें. माग पुढील गांवांत शिरला असें दाखवून दिलें, म्हणजे शोधाचें काम त्या गांवच्या जागल्याकडे जाई. ह्या पद्धतींत गरिबावर अन्यायही होत असेल. परंतु एक गोष्ट तींत पक्की होती. चोरीची वर्दी कोणीं कोणास द्यावयाची, आणि ती मिळाल्यावर कोणीं उठावयाचें, ह्याविषयीं कोणाच्याही मनांत संशय नव्हता. (ज्या रामोश्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या गांवें राखिलीं, त्यांच्या जमातीस पुढें इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं आणिलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्रांत विमुक्त जातींच्या यादींत आहेत. राखणदाराच्या पदरीं असें इनाम पडावें, हें इतिहास शिकविणाऱ्यास नेहमीं बोचतें.)

विजेच्या घंटेचा जन्म अमेरिकेंत बॉस्टन शहराच्या परिसरांत झाला. ज्या शहरांतील मिशन मंडळानें १८३१ सालीं आपल्या नगरास आपले पहिले मिशनरी पाठविले, तेंच हें शहर. त्याच्या जवळच सॉमरव्हिल येथें ऑगस्टस रसेल पोप नांवाचे एक पाळक होते. त्यांनीं १८५३ सालीं चोर आल्याची वर्दी देणाऱ्या विजेच्या घंटेचें पेटंट घेतलें. उपदेशानें न सुधारणाऱ्या चोरांसाठीं एका उपदेशकानेंच घंटा शोधून काढावी, यांत थोडी गंमत आहे. पुढें १८५७ सालीं एडविन होम्स यानें तो हक्क विकत घेऊन धंदा चालविला. त्याच बॉस्टनमध्यें १८५२ सालापासून आगीची वर्दी तारायंत्रानें मुख्य कचेरीस देण्याची सोय झालेली होती. ह्या दोन कल्पनांचा संगम झाला, तेव्हां दुकानाची घंटा दुकानांत न वाजतां दूरच्या एका कचेरींत वाजूं लागली, आणि तेथें रात्रभर जागा राहणारा मनुष्य बसूं लागला. घरावर दूरून नजर ठेवणाऱ्या आजच्या सर्व व्यवस्थेचें मूळ येथें आहे.

पोप यांची युक्ति साधी होती. दार बंद असे तोंवर विजेचा मार्ग तुटलेला राही. दार उघडलें कीं तो जुळे, लोहचुंबक हातोडीस ओढी, आणि घंटा वाजे. अशा रचनेंत एक उणीव राहते. चोरानें आधींच तार कापून ठेविली, तर घंटा मुकी होते. म्हणून हल्लीं नेमकें उलट करितात. दाराच्या चौकटीवर एका लहानशा काचेच्या नळींत लोखंडाच्या दोन बारीक पात्या असतात व दारावर लोहचुंबकाचा तुकडा असतो. दार लागलेलें असतां चुंबकाच्या ओढीनें पात्या एकमेकींस चिकटून राहतात आणि वीज सतत वाहत असते. दार उघडलें तर पात्या सुटतात. तार कापली तरी वीज खंडित होते. आणि दोन्ही वेळां पेटी ओरडते. वीज वाहत आहे म्हणजे सर्व ठीक आहे, व ती थांबली म्हणजे कांहीं तरी घडलें, अशी ही भाषा आहे. शास्त्राच्या वर्गांत दोन तारा, एक घट व एक घंटा घेऊन हे दोन्ही प्रकार मुलांस करून पाहतां येतील.

खोलीच्या कोपऱ्यांत बसविलेला पांढरा डोळा निराळ्या तत्त्वावर चालतो. आपल्या शरीरांतून उष्णतेचे अदृश्य किरण सदैव बाहेर पडत असतात. ह्या डोळ्यांत ते टिपणारे दोन भाग शेजारीं शेजारीं असतात, व मनुष्य चालूं लागला कीं एका भागावर पडणारी उष्णता दुसऱ्यावर सरकते. हा फरक पाहूनच यंत्र कोणी हालत असल्याचें ओळखतें. अर्थात् मनुष्याचें शरीर व मागची भिंत यांच्या उष्णतेंत अंतर असलें पाहिजे. आपल्याकडे चैत्रवैशाखांत पत्र्याखालची बंद खोली संध्याकाळीं शरीराएवढीच तापलेली असते, आणि तेव्हां हा डोळा मंद होतो. हिंवाळ्यांत तोच फार तिखट असतो. उन्हाळ्यापूर्वीं एकदां खोलींतून चालून जाऊन त्याची परीक्षा घ्यावी, असें म्हणतात तें ह्यासाठीं.

माझ्या माहितीच्या एका दुकानांत असा डोळा बसविलेला होता, आणि त्याच्या कांचेवर दिव्याचे किडे खाण्यास रात्रीं पाल येऊन बसे. पाल अगदीं जवळ असल्यामुळें यंत्रास ती मनुष्याएवढी भासे. एका पावसाळ्यांत ती घंटा इतक्या वेळां वाजली कीं आळींतील लोक तिला पालीची घंटा म्हणूं लागले. पुढें एके रात्रीं खरोखरच शटर उचकटलें गेलें. घंटा वाजत राहिली. लोकांनीं कूस बदलली व ते पुन्हा निजले. यंत्रानें त्या रात्रीं आपलें काम चोख केलें होतें, परंतु शेजाऱ्यांचा विश्वास तें महिनाभर आधींच गमावून बसलें होतें. खोट्या वर्दीचें खरें नुकसान हें आहे. म्हणून डोळ्याजवळ दिवा ठेवूं नये, कांच आठवड्यांतून एकदां पुसावी, पंख्याच्या वाऱ्यानें हालणारा पडदा त्याच्या समोर नसावा, आणि घरांत मांजर असेल तर बसविणाऱ्यास तें आधीं सांगावें. उंदरांनीं कुरतडलेल्या तारेसही हीच पेटी चोर समजते.

आतां दूरच्या पहाऱ्याविषयीं. पेटींत एक सिमकार्ड असतें, किंवा ती इंटरनेटास जोडलेली असते. वर्दी उठली म्हणजे ती धन्याच्या मोबाइलवर किंवा पैसे घेऊन पहारा करणाऱ्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्यें जाते. तेथील मनुष्य प्रथम घरीं फोन करितो, मग दिलेल्या यादीप्रमाणें एकेकास कळवितो, व जरूर वाटल्यास पोलिसांस. महाराष्ट्रांत २०२१ सालापासून त्यासाठीं ११२ हा क्रमांक आहे. हें सर्व पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु चांगली पेटी आणखी एक काम करिते, तिकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. कांहींच घडलें नसतांही ती ठराविक वेळानें 'मी जागी आहें' असा संकेत कचेरीस पाठवीत असते. तो संकेत आला नाहीं, तर तीच वर्दी समजावयाची. रात्रीं काठी आपटीत व शिटी वाजवीत आळींतून फिरणारा गुरखा आठवा. लहानपणीं आपणांस वाटे कीं तो चोरास भिववीत आहे. खरें पाहतां तो निजलेल्या घरधन्यासही सांगत असतो कीं पहारा चालू आहे. आणि ज्या रात्रीं काठी ऐकूं येत नाहीं, त्या रात्रीं म्हातारीं माणसें आपोआप जागीं होतात. पेटी विकत घेतांना हा संकेत किती वेळानें जातो व तो चुकला तर कोण फोन करितो, हें दुकानदारास अवश्य विचारावें. ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून पेटी घेऊं नये.

सिमकार्डाचे पैसे भरावयाचे राहिले म्हणजे पेटी मुकी होते, आणि तिच्यावरचा हिरवा दिवा मात्र पूर्ववत् जळत राहतो. बॅटरीचेंही असेंच आहे. वीज गेली असतां ती पेटीस कांहीं तास चालविते. पण अशी बॅटरी तीन ते पांच वर्षांत निकामी होते, व तें वीज जाईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. महिन्यांतून एके दिवशीं मुख्य वीज बंद करावी, कचेरीस आधीं कळवावें, दार उघडावें, आणि फोन येतो कीं नाहीं हें घड्याळ लावून पाहावें. घरांतील थोरल्या मुलाकडे हें काम सोंपविलें तर तो तें विसरत नाहीं, असा अनुभव आहे.

सांकेतिक अंकांची गोष्ट अधिक नाजूक आहे. दुकानांतील सर्वांस एकच अंक दिला, तर पेटी कोणीं बंद केली हें कधींच कळत नाहीं; म्हणून प्रत्येकास निराळा द्यावा, व नोकर कामावरून गेला कीं त्याच दिवशीं त्याचा अंक काढून टाकावा. यांत नोकराचा अपमान नाहीं. मागें कांहीं घडलें तर त्याच्यावरचा आळ टळतो. जन्मसाल किंवा गाडीचा क्रमांक अंक म्हणून ठेवूं नये. पुष्कळ यंत्रांत एक गुप्त अंकही असतो. कोणी धाक घालून पेटी बंद करावयास लाविली तर तो दाबावयाचा. पेटी गप्प होते, परंतु कचेरीस वर्दी जाते. आणि घंटा वाजल्याचें ऐकून घरीं परतणाऱ्यानें एकट्यानें आंत शिरूं नये. दोघे चौघे जमेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत रस्त्यावर उजेडांत उभें राहावें. जी वस्तु गेली ती पुन्हा घेतां येते.

ज्यांचे मुलगे पुण्यास किंवा परदेशीं आहेत, अशीं वृद्ध आईबापें आपल्या शहरांत घरोघर आहेत. मुलगा हौसेनें यंत्र बसवून जातो. वर्दी त्याच्या मोबाइलवर पुण्यास जाते. तेथून तो काय करणार? यादींत पहिलें नांव मुलाचें नसावें. भिंतीस भिंत लागलेल्या शेजाऱ्याचें असावें, त्याच्याकडे किल्ली असावी, आणि त्यास हें आधीं विचारलेलें असावें.

आपल्या जिल्ह्यांत दारेंच नसलेल्या घरांचें गांवही आहे. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर येथें शनिदेवावरील श्रद्धेमुळें घरांस दारें व कुलपें न लावण्याची प्रथा आहे. जेथें सर्व गांव एका गोष्टीवर विश्वास ठेवितें, तेथें कुलपाचें काम तो विश्वासच करितो. परंतु हजारों परकीं माणसें येऊं लागलीं म्हणजे काय होतें, हेंही तेथें दिसलें. २०१० सालीं एका यात्रेकरूनें आपल्या वाहनांतून चोरी झाल्याची तक्रार केली. जानेवारी २०११ मध्यें युको बँकेनें तेथें 'कुलूप नसलेली' शाखा उघडली, तेव्हां गांवच्या भावनेस मान देऊन दार कांचेचें केलें. मात्र त्यास दूरून चालणारें व सहसा नजरेस न पडणारें विद्युच्चुंबकाचें कुलूप बसविलें. २०१५ सालीं गांवांत पोलीस ठाणेंही झालें. बँकेचा हा मार्ग मला समंजस वाटतो. लोकांची श्रद्धा तिनें दुखविली नाहीं, आणि ठेवीदारांचे पैसेही केवळ श्रद्धेवर सोडिले नाहींत.

खेड्यांत आणि वस्त्यांवर मात्र प्रत्येकानें पेटी घेणें परवडत नाहीं. तेथें जुन्या जागल्याच्या कल्पनेस अधिक जवळ अशी एक योजना चालू आहे. तिचें नांव ग्राम सुरक्षा यंत्रणा. नाशिक, पुणें, सातारा इत्यादि जिल्ह्यांप्रमाणें आपल्याही जिल्ह्यांतील अनेक गांवें तींत आहेत, व पोलीस खात्यानें तिचा पुरस्कार केला आहे. गांवांतील लोकांचे मोबाइल क्रमांक आधीं नोंदवून ठेवितात. चोर आले, आग लागली, पूर आला, मूल हरवलें किंवा उंसांतून बिबट्या वस्तीवर आला, तर एकानें ठराविक निःशुल्क क्रमांकावर फोन करून आपल्या तोंडानें संदेश सांगावयाचा. तोच आवाज एकाच वेळीं गांवांतील सर्व फोनांवर वाजतो, व प्रसंग पाहून शेजारच्या गांवांसही जातो. एखाद्यानें फोन घेतला नाहीं तर तो पुन्हा वाजतो. खोटी किंवा खोडसाळ वर्दी देणाऱ्याचा क्रमांक बंद करण्यांत येतो. ओळखीचा आवाज कानीं पडल्यामुळें लोक उठतात. भोंग्यास हें साधत नाहीं. येथें यंत्र केवळ आरोळी दूरवर पोंचवितें, आणि धांवावयास सारें गांव असतें.

ह्या योजनेंत यश किंवा अपयश संदेश कसा दिला जातो यावर अवलंबून असतें. घाबरलेला मनुष्य 'लवकर या, लवकर या' एवढेंच ओरडतो, आणि शेंकडों माणसें काठ्या घेऊन अंधारांत उभीं राहतात. कोठें जावयाचें हें कोणासच ठाऊक नसतें. प्रथम आपलें नांव सांगावें, मग गांव व वस्ती, मग काय घडलें, चोर किती व कोणत्या दिशेस पळाले, आणि शेवटीं जवळची एक खूण : अमक्याची विहीर, विजेची डी.पी., कालव्याचा पूल. हें अर्ध्या मिनिटांत बोलून होतें. वस्तीवरून शाळेस येणाऱ्या प्रत्येक मुलानें आपल्या घराचा असा संदेश एकदां वहींत लिहून तो घरांतील सर्वांकडून, विशेषतः आजीकडून, मोठ्यानें म्हणवून घ्यावा. कारण दिवसा घरीं बहुधा तीच एकटी असते.