व्याज न मागणारा पैसा

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडी गावच्या एका कंपनीने ३१० कोटी रुपये उभे केले. या पैशाला व्याज नव्हतं, हप्ता नव्हता. कंपनी वाढली तर देणारेही वाढणार आणि ती बुडाली तर तेही बुडणार. सातपुड्यातल्या अक्कलकुव्याच्या बाजारात आमचुराचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला हे ऐकून नवलच वाटेल, कारण तिथे पैसा म्हटला की आधी डोळ्यांपुढे येते ती उचल.

पैसे देणारे चौघे होते. फ्रान्सची प्रोपार्को आणि नेदरलँड्सची एफएमओ या दोन विकास वित्तसंस्था. बाकीचे दोघे बेल्जियमचे, इन्कोफिन आणि कोरिस. त्यातली कोरिस म्हणजे बेल्जियममध्ये सुपरमार्केटची मोठी साखळी असलेल्या कोल्रुइट कुटुंबाची गुंतवणूक कंपनी. किराणा विकून कमावलेला पैसा समुद्र ओलांडून दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत भागीदार म्हणून आला. या प्रकाराला खासगी भागभांडवल किंवा सरळ प्रायव्हेट इक्विटी म्हणतात.

मोहाडीची ती कंपनी म्हणजे सह्याद्री फार्म्स. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या द्राक्ष बागायतदारांनी ती उभी केली. २०१० चा हंगाम या बागायतदारांना चांगलाच आठवत असेल. शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत सापडले आणि निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. एकट्या शेतकऱ्याला युरोपचं दार उघडं ठेवणं झेपणारं नाही, हे त्या वर्षी स्वच्छ दिसलं. फवारणीची नोंद, अंशतपासणी, शीतगृह, पॅकहाउस हे सगळं एका छत्राखाली यायला हवं होतं. त्याला लागतो पैसा, आणि तोही वर्षानुवर्षं अडकून पडणारा.

तो पैसा बाहेरून घ्यायचा, तर कायदा आडवा येतो. २००२ मध्ये, योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींनंतर, कंपनी कायद्यात ‘उत्पादक कंपनी’ हा नवा प्रकार आला. तिचे भाग फक्त उत्पादकालाच घेता येतात. शेतकऱ्याकडे दहा भाग असोत की हजार, मत एकच. हे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत. सहकाराचा जीव आणि कंपनीचं शरीर असं हे रूप आहे, आणि मला ते आपल्या कायद्यातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं. पण मग बेल्जियमच्या गुंतवणूकदाराने भाग घ्यायचे कुठे? सह्याद्रीने वाट काढली ती अशी: शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर, आणि काढणीनंतरची प्रक्रिया, साठवण, विक्री सांभाळणारी दुसरी कंपनी तिच्या पोटात. बाहेरचा पैसा आला तो या पोटातल्या कंपनीत. फळं-भाज्यांची प्रक्रियाक्षमता वाढवणं, पॅकहाउस, टाकाऊ मालापासून वीज करणारा प्रकल्प, अशा कामांसाठी.

आता हा पैसा देणाऱ्याला मिळतं काय, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एखादी मसाल्याची कंपनी आहे, वर्षाला २० कोटींचा कार्यकारी नफा करणारी. बाजार तिची किंमत नफ्याच्या आठपट धरतो, म्हणजे १६० कोटी. गुंतवणूकदार ४० कोटी नवे घालतो. कंपनीची किंमत २०० कोटी होते आणि त्यातला २० टक्के हिस्सा त्याचा. या पैशातून दुसरा कारखाना उभा राहतो, हिशेब काटेकोर होतात, दूरच्या बाजारात माल जाऊ लागतो. पाच वर्षांनी नफा ४५ कोटी. आता कंपनी मोठी आणि भरवशाची झाली म्हणून किंमत दहापट धरली जाते: ४५० कोटी. गुंतवणूकदाराचे ४० कोटी आता ९० कोटी झाले. मूळ मालकाचा वाटा शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आला खरा, पण १६० कोटींचे ३६० कोटी झाले. मालकी घटली आणि मालमत्ता दुपटीहून वाढली! मला तरी या हिशेबाचं कौतुक अजून सरलेलं नाही.

यातली मेख अशी की कंपनी मधल्या आकाराची असते. बँकेला तारण हवं असतं, आणि वाढीची स्वप्नं तारण ठेवता येत नाहीत. शेअर बाजारात उतरावं तर अजून तेवढा पल्ला गाठलेला नसतो. या मधल्या रिकाम्या जागेत प्रायव्हेट इक्विटी उभी असते. पैशाबरोबर ती संचालक मंडळावर आपला माणूस बसवते, मोठ्या निर्णयांत नकाराधिकार ठेवते आणि घरच्या वहीतला धंदा लेखापरीक्षणाच्या उजेडात आणते. अनेक घराणेदार धंद्यांना पैशापेक्षा ही शिस्तच जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे.

मात्र या पैशाच्या मनगटावर घड्याळ असतं. गुंतवणूकदाराचा पैसा सहसा त्याचा स्वतःचा नसतो. निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, धनाढ्य कुटुंबं यांनी तो ठरावीक मुदतीसाठी सोपवलेला असतो. मुदत साधारण दहा वर्षांची. भारतात सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार अशा गुंतवणूक निधीत सामान्यतः एका गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. मुदत संपत आली की हिस्सा कुणाला तरी विकून बाहेर पडावंच लागतं. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक भागीदाराला पहिल्याच दिवशी विचारावं, ‘बाहेर कोणत्या दारानं जाणार?’

श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीची गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या या दूध कंपनीत राबोबँकेशी संबंधित इंडिया अॅग्री बिझनेस फंड आणि प्रोपार्को यांचा पैसा आला. होय, तीच प्रोपार्को, पुढे मोहाडीत आलेली. २०१५ मध्ये प्रभातचे भाग शेअर बाजारात आले. जानेवारी २०१९ मध्ये दुधाचा धंदा फ्रान्सच्या लॅक्टालिसला १,७०० कोटी रुपयांना विकण्याचा करार जाहीर झाला. गायी तिथल्याच, दूध घालणारे शेतकरीही तिथलेच, पण मालक आता फ्रान्सचा. यात कुणी फसवलं असं नव्हे. अशा कंपनीचे भाग विकाऊ असतात आणि दूध घालणाऱ्याच्या नावावर ते नव्हते, एवढंच. मोहाडीत वरच्या कंपनीचे भाग शेतकऱ्यांच्याच नावावर आहेत, आणि मला हा फरक ३१० कोटींच्या आकड्याहून मोठा वाटतो.

भाग कुणाच्या नावावर, हा प्रश्न अक्कलकुव्यालाही येऊन भिडतो. सातपुड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात गावरान कैऱ्या उतरवल्या जातात, साल काढून फोडी केल्या जातात आणि त्या कडक उन्हात वाळत पडतात. काम घरादाराचं, त्यातही बायकांचं जास्त. फोड पांढरी राहिली तर भाव चांगला. अवकाळी पावसाची एक सर आली की ती काळी पडते आणि भावही पडतो. हाच आमचूर मोलगी, धडगाव, अक्कलकुव्याच्या व्यापाऱ्यांकडून पुढे दूरच्या मसाल्यांत जातो. म्हणजे वरच्या हिशेबातल्या त्या मसाला कंपनीच्या साखळीचं पहिलं टोक याच डोंगरात असू शकतं.

तरी कोणताही निधी पाड्यावर वीस लाख घेऊन येणार नाही. कंपनीची पारख करणारे वकील, लेखापाल, तंत्रज्ञ यांचा खर्च लहान व्यवहारालाही जवळपास तेवढाच येतो. निधीला शंभर कोटींचा व्यवहार परवडतो, वीस लाखांचा नाही. शिडीची पहिली पायरी दुसऱ्या कुणीतरी घालावी लागते.

तशी एक पायरी कायद्यात आणि योजनेत आहे. २०२० मध्ये केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. तीत सभासद जेवढं भागभांडवल भरतील त्याच्या बरोबरीचं अनुदान ठेवलं होतं, दर शेतकऱ्यामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एका संस्थेला कमाल १५ लाख. त्या हिशेबाने आमचूर करणाऱ्या ७५० जणींनी प्रत्येकी २,००० रुपये भरले, तर १५ लाखांचे ३० लाख होतात. एवढ्यात पावसापासून फोडी वाचवणारं वाळवणघर, ओलावा मोजणारं यंत्र आणि प्रत नीट लावणारी माणसं यांची सुरुवात होऊ शकते. पुढे दहा हंगामांच्या नोंदी जमल्यावर एखादा मोठा गुंतवणूकदार दारात आला, तर त्याच्याशी बोलायला बसणाऱ्या बाईच्या हातात कैरी सोलायची सुरी असेल आणि कपाटात तिच्या नावाचं भागपत्रही.