शेकरू मोजायचे कसे, राखायचे कसे

कर्जतहून खांडसला पोहोचले की समोर भीमाशंकरचा कडा दिसतो. शिडी घाट आणि गणेश घाट इथूनच वर चढतात. या वाटेने जाणाऱ्यांना ज्योतिर्लिंगाची ओढ असते, पण हेच डोंगर आपल्या राज्यप्राण्याचे, शेकरूचेही घर आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याचा पुणे जिल्ह्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. ते कर्जतच्या बाजूलाही उतरते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

शेकरू ही फक्त भारतात आढळणारी मोठी खार. वजन दीड-दोन किलो, पाठ तांबूस तपकिरी, झुबकेदार शेपूट अंगाइतकी किंवा त्याहून लांब. ती दिवसा वावरते, बहुधा एकटीच, आणि जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर ती सहा मीटरपर्यंत झेप घेते. त्याहून मोठी फट पडली की तिची वाट तिथेच खुंटते. शेकरूचे सारे जगणे झाडांच्या सलगतेच्या या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आता घरटे पाहू. काटक्या आणि पानांचे हे गोल घरटे उंच झाडावर, बारीक फांद्यांच्या बेचक्यात असते. बिबट्यासारख्या जड प्राण्याला तिथवर जाता येत नाही आणि शेजारच्या झाडाच्या फांद्या टेकलेल्या असल्या तर शेकरूला पळायला वाट मिळते. एक शेकरू अनेक घरटी बांधते. कशात झोपते, कशात पिल्ले वाढवते. पिल्ले एका वेळी एक-दोनच, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

मोजणीची अडचणही इथेच आहे. दाट पानोळ्यात प्राणी दिसत नाही, घरटे दिसते. पण जितकी घरटी तितकी शेकरू असे गणित मांडता येत नाही. म्हणून ठरलेल्या वाटांवरून चालत घरट्यांची नोंद करतात. ताज्या पानांचे घरटे वापरातले, विस्कटलेले ते सोडून दिलेले. सकाळी आणि दुपार उतरताना शेकरू जास्त हालचाल करते, तेव्हा प्रत्यक्ष दिसलेल्यांची वेगळी नोंद होते. दोन्ही नोंदी ताडून अंदाज बांधतात. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा त्याच वाटांवरची वर्षानुवर्षांची तुलना अधिक सांगते.

जागतिक पातळीवर या जातीला तातडीचा धोका नाही असे मानले जाते, मात्र तिची संख्या घटत आहे. भीमाशंकरला रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकरूंचा बारकाईने अभ्यास केला. शेकरू झाडावरच बियांचा साठा करून ठेवते, हे त्यातूनच पुढे आले. फळे, बिया, कोवळी पाने आणि साल हा तिचा आहार. ऋतूगणिक काहीतरी मिळत राहायचे तर अंजनी, जांभूळ, आंबा, उंबर अशी नाना जातींची जुनी झाडे जवळजवळ हवीत. एकाच जातीची लागवड करून ही गरज भागत नाही.

कर्जत-खालापुरात झाडांची ही सलगता अनेक ठिकाणी तुटते. उन्हाळ्यातले वणवे रोपे जाळतात, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या छाटल्या जातात, रस्ते आणि फार्महाऊसच्या प्लॉटसाठी झाडे पडतात. माथेरानच्या झाडीतही शेकरू दिसते. तो परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पण दोन हिरव्या पट्ट्यांमधला डोंगरउतार उघडा पडला तर दोन्हीकडची शेकरू एकमेकांना पारखी होतात.

म्हणून उपाय साधे आणि स्थानिक आहेत. वणव्याआधी जाळरेषा काढणे, देवराया राखणे, रस्त्याच्या दोन्ही कडांची मोठी झाडे वाचवणे, तुटलेल्या जागी इथलीच फळझाडे लावणे. आपल्या बांधावर जुना आंबा किंवा उंबर असेल तर तो तोडू नका. त्याच्या फांद्या शेजारच्या झाडाला भिडू द्या.