नेदरलँड्सचा अभ्यासदौरा : प्रस्थानापूर्वीची तयारी

पेरणीचा दिवस उजाडल्यावर कोणी नांगरट करावयास निघत नाही. जमीन आधी तयार असावी लागते. परदेशप्रवासाचेही तसेच आहे. राज्याच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यासदौरे योजले जातात. काही बागायतदार स्वखर्चानेही जातात. अशा प्रवासात नेदरलँड्स, म्हणजेच आपल्याकडे हॉलंड या नावाने परिचित असलेला देश, वारंवार निवडला जातो. याची कारणे उघड आहेत. नाशिकची द्राक्षे याच देशाच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. बटाट्याचे बेणे, कांद्याची साठवण, काचगृहातील भाजीपाला, फुलांचा लिलाव आणि दुग्धव्यवसाय या विषयांत त्या लहानशा देशाने मोठी मजल मारली आहे.

तथापि शेतकऱ्याची तयारी ही सामान्य पर्यटकाच्या तयारीहून निराळी असावी लागते. पर्यटक रस्त्यावरून शेत पाहतो. शेतकरी शेतात उतरतो. त्याच्या बुटांना माती लागते, हातांना झाडांचा रस लागतो, अंगावरच्या कपड्यांना गोठ्याचा वास लागतो. यास्तव आवश्यक कागदपत्रांइतकीच, किंबहुना त्यांहूनही अधिक काळजी, आपण सोबत काय नेतो व परतताना काय आणतो याविषयी घ्यावयास हवी. या लेखात दोन्ही बाजूंचा क्रमाने विचार केला आहे.

पारपत्र

पहिली गरज पारपत्राची, म्हणजेच पासपोर्टची. ते जवळ असल्यास त्यावरील तारखा प्रथम पाहाव्यात. युरोपातून परत निघण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने ते वैध असले पाहिजे, ते गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेले असावे आणि त्यात निदान दोन पाने कोरी असावीत.

शेतकऱ्यांच्या बाबतीत नेहमी उद्भवणारी अडचण नावाची असते. सातबाऱ्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. वडिलांच्या नावातील एखादे अक्षर चुकले असले तरी गावात व्यवहार अडत नाही. परदेशी कचेरीत मात्र तो अडतो. ही दुरुस्ती दोन-चार दिवसांत होत नाही. म्हणून ती सर्वांत आधी हाती घ्यावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर स्थलांतर-तपासणीची नोंद असते. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. नेदरलँड्सच्या अभ्यासभेटीस ती नोंद आड येत नाही.

प्रवेशपरवाना

दुसरी गरज प्रवेशपरवान्याची, म्हणजे व्हिसाची. लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यात १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून सामाईक प्रवेशाची पद्धत आकारास आली. आज २९ देश तीत सामील आहेत. त्यांपैकी एकाने दिलेल्या अल्पमुदतीच्या परवान्यावर सामान्यतः इतर देशांतही जाता येते. कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत अधिकात अधिक ९० दिवस राहता येते. ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच देशाकडे अर्ज करावयाचा असतो. मुक्काम सारखाच असेल तर जेथे प्रथम प्रवेश होईल त्या देशाकडे अर्ज करावा.

अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत व किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयास साधारणतः १५ दिवस लागतात. अधिक तपासणीची गरज पडल्यास ४५ दिवसही लागू शकतात. म्हणून दोन ते तीन महिने आधी अर्ज करणे शहाणपणाचे होय. प्रौढ व्यक्तीस ११ जून २०२४ पासून ९० युरो शुल्क पडते. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईसारख्या शहरातील अर्जकेंद्रात स्वतः जावे लागते. याखेरीज, सरहद्दीवर पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजी चेहरा व ठसे यंत्रात नोंदविण्याची नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आली. तिला घाबरू नये. मात्र रांगेसाठी वेळ हाती ठेवावा.

अर्जासोबत जाण्यायेण्याच्या आरक्षणाचा तपशील, मुक्कामाचे पत्ते, भेटीचे निमंत्रणपत्र व बँकेचा अलीकडील उतारा जोडावा लागतो. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात मुख्य प्रश्न एकच असतो : हा मनुष्य ठरल्या दिवशी परत जाईल काय? नोकरदार रजेचा दाखला देतो. शेतकऱ्याचा दाखला म्हणजे त्याची जमीन. सातबारा व आठ-अ यांचे उतारे, बाजार समितीतील किंवा साखर कारखान्याकडील हिशेबपट्ट्या, निर्यातदार असल्यास बागेच्या नोंदणीचा कागद, हे सर्व इंग्रजी भाषांतरासह जोडावे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने अनेकांजवळ विवरणपत्र नसते. अशा वेळी उत्पन्नाचा खुलासा करणारे स्वच्छ, थोडक्यात लिहिलेले पत्र उपयोगी पडते. अर्जापूर्वी आठवडाभरात खात्यात एकदम मोठी रक्कम भरणे टाळावे. त्याने विश्वास वाढत नाही, संशय वाढतो.

विमा व पैसा

किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्यविमा सक्तीचा आहे. तो मुक्कामाच्या सर्व दिवसांस व शेंगेन क्षेत्रातील सर्व देशांस लागू असावा. युरोपातील रुग्णालयाचा खर्च एका हंगामाचे उत्पन्न गिळू शकतो. मधुमेह वा रक्तदाब असल्यास तो विमापत्रात लपवू नये. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत.

रोख रक्कम बेताची न्यावी. १०,००० युरो किंवा अधिक रोख नेल्यास युरोपात प्रवेश करताना तशी लेखी घोषणा करावी लागते. एवढी रक्कम नेण्याचे कारणही नाही. तेथील बसगाड्यांत रोख पैसे घेत नाहीत, अनेक दुकानांतही पत्रकानेच पैसे चुकते करतात. परदेशात चालणारे बँकेचे कार्ड घेऊन, ते चालू असल्याची खात्री येथेच करून घ्यावी. संकटसमयी सर्व युरोपात ११२ हा दूरध्वनी क्रमांक लावावा.

केव्हा जावे

दौऱ्याची वेळ दोन पंचांगे पाहून ठरवावी : एक तेथील पिकांचे व दुसरे आपल्या शेताचे. ट्यूलिपची शेते एप्रिलच्या मध्यास भरात असतात. बटाट्याची लावण एप्रिलात व काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. कांद्याची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात होऊन तो हवा खेळविलेल्या साठवणगृहांत जातो. ज्यास साठवण पाहावयाची आहे त्याने वसंतात फुले पाहून परतू नये. द्राक्ष बागायतदाराने एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी या दोहोंच्या मधला काळ साधावा. घर सोडण्यापूर्वी पाणी, फवारणी व जनावरे कोणाकडे सोपविली याची लेखी नोंद घरी ठेवावी.

एप्रिलातही तेथे सकाळी आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्याहून अधिक गारठा असू शकतो आणि पाऊस वेळ सांगून येत नाही. एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक घालण्याजोगे तीन हलके कपडे व वारा-पाऊस अडविणारे आवरण सोईचे पडते. आपले घड्याळ तेथील घड्याळापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. तेथील लोक वेळेस फार मान देतात. दहाची भेट म्हणजे दहाची. सव्वादहाला पोचलेल्या गटास निम्मे शेत पाहून परतावे लागते.

शिदोरीतील निषिद्ध वस्तू

घरची माणसे प्रेमाने तुपाचा डबा, पेढे व खवा बांधून देतात. हे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. भारतातून येणाऱ्या प्रवाशास मांस, दूध व त्यांपासून केलेले पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या, फुले, रोपे व पेरणीचे बी यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर व ड्युरियन ही पाचच फळे यास अपवाद आहेत. यजमानास भेट म्हणून हापूसची पेटी नेण्याचा मोह म्हणूनच आवरावा. कढीपत्त्याची जुडी व ताज्या मिरच्याही नेऊ नयेत.

हा नियम जाचक वाटेल; परंतु त्यामागील अनुभव आपलाच आहे. फळमाशी व इतर किडी आढळल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. परंतु मधला हंगाम बागायतदारांच्या हातून गेला. एका प्रवाशाच्या पेटीतील किडके फळ हेही त्याच साखळीतील एक कडी असते. शेंगदाण्याची भाजकी चटणी, दूध-तूप नसलेला चिवडा, दळलेला मसाला, पापड असे पदार्थ मात्र नेण्यास हरकत नाही.

परक्या शेतात पाऊल ठेवताना

आता मुख्य मुद्दा. आपल्या शेतात वापरलेले बूट घेऊन कधीही जाऊ नये. नवे, किंवा घासून धुऊन कडक वाळविलेले बूट न्यावेत. आपल्या जनावरांत लाळ्या-खुरकूत आजही आढळतो. त्याविरुद्ध २०१९ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालू आहे. नेदरलँड्समध्ये हा रोग २००१ साली शिरला, तेव्हा तो थोपविण्यासाठी अडीच लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्याची आठवण तेथील गोपालकांच्या मनात ताजी आहे. गोठ्यात शिरताना ते स्वतःचे बूट व अंगरखा देतात, तो अपमान समजू नये. आपण कोणत्या दिवशी आपल्या जनावरांजवळ होतो हे विचारल्यास खरे तेच सांगावे. प्रवेश नाकारला तर तक्रार करू नये.

काचगृहातही हीच शिस्त असते. टोमॅटोवरील तपकिरी सुरकुत्या फळाचा विषाणू प्रथम २०१४ साली इस्राएलात दिसला आणि २०१९ साली नेदरलँड्सच्या काचगृहांत पोचला. तो हातांनी, कपड्यांनी व अवजारांनी पसरतो. म्हणून तेथे हात धुववितात, पायांवर आवरणे चढवितात व झाडास स्पर्श करू देत नाहीत. आपणही घरी परतल्यावर त्या दिवशीचे कपडे साबणाने धुतल्यावाचून आपल्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये जाऊ नये. नारायणगाव वा पिंपळगावच्या बाजारात विकावयाच्या मालाचे रक्षण येथूनच सुरू होते.

परतताना

मोहाचा खरा क्षण परतीच्या वेळी येतो. ट्यूलिपचे कंद, बटाट्याचे एखादे बेणे, खिशातील चिमूटभर बी यांत काय बिघडते, असे वाटते. १९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्याखाली काढलेल्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाणे, कंद व रोपे आणावयाची तर आधी आयात परवाना व तेथील आरोग्य प्रमाणपत्र लागते. माती तर आणूच नये. विमानतळावर अशी वस्तू सापडल्यास जप्त होते. न सापडल्यास अधिक हानी होते.

ही हानी कशी होते ते निलगिरीच्या बटाट्याने दाखविले आहे. १९६१ साली तेथे बटाट्यावरील सोनेरी सूत्रकृमी आढळला. त्याचे कोष टाचणीच्या टोकाएवढे असतात, एकेका कोषात शेकडो अंडी असतात आणि पीक नसतानाही ती जमिनीत वीस वर्षांहून अधिक जिवंत राहू शकतात. हे कोष मातीतून व बेण्यातून प्रवास करतात. पुढे हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंडातही तो आढळल्याने २०१८ साली तेथील बेण्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. बुटाच्या खाचेत अडकलेला ढेकूळभर चिखल मंचर-खेडच्या बटाट्यास पुरेसा ठरू शकतो. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरकडे दिसला आणि दोनच वर्षांत महाराष्ट्रातील बागांत येऊन पोचला. कीड येते तेव्हा कोणाच्या सामानातून आली हे कळत नाही. तिचा दंड मात्र सर्व शिवारास भरावा लागतो.

म्हणून परतण्याच्या आदल्या दिवशी बुटांचे तळ पाणी व ब्रशने मुक्कामीच धुवावेत, खिसे व पिशव्यांचे कोपरे झटकावेत. तेथील एखादे वाण आवडलेच, तर त्याचे नाव लिहून आणावे व रीतसर आयात करणाऱ्याकडे चौकशी करावी.

काय घेऊन यावे

आणावयाची वस्तू एकच : भरलेली वही. निघण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर आपल्या शेतातील तीन अडचणी लिहाव्यात. साठवणीत कांद्याची घट किती होते, एकरी पाणी किती देतो, मजुरीवर किती खर्च होतो, हे आकडे सोबत असावेत. आपला आकडा ठाऊक नसेल तर यजमानाचा आकडा ऐकून उपयोग नाही. तेथील यंत्र पाहताना त्याची किंमत विचारण्याआधी ते कोणती अडचण सोडविते हे विचारावे. छायाचित्रे परवानगी घेऊन काढावीत.

पारपत्र सहा महिने आधी, परवान्याचा अर्ज दोन-तीन महिने आधी, विमा अर्जाबरोबर, बुटांची स्वच्छता निघताना व परतताना, असा क्रम ध्यानात ठेवावा. शासकीय दौऱ्याच्या चालू वर्षाच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत विचाराव्यात. परतल्यावर वहीतील मजकूर गावच्या शेतकरी गटात वाचून दाखवावा. ज्ञानास कोणत्याही विमानतळावर परवाना लागत नाही आणि ते वाटल्याने शिवारात कीड पसरत नाही.