काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपलीकडे

नवे वाद्य हाती आले की आपण त्याला प्रथम जुनेच गाणे शिकवितो. या रीतीला नकार देणारी एक ध्वनिमुद्रिका आजही विचार करावयास लावते.

अमेरिकन संगीतकार मॉर्टन सबॉटनिक यांची 'सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून' ही पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ साली प्रसिद्ध झाली. 'नॉनसच' कंपनीने ती मुद्दाम रचून घेतली होती. तोवर इलेक्ट्रॉनिक संगीत मुख्यतः विद्यापीठांच्या व नभोवाणी केंद्रांच्या स्टुडिओंत जन्मत असे. ही अर्ध्या तासाची रचना मात्र तबकडीच्या दोन बाजूंसाठी, म्हणजेच घरी बसून ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी सिद्ध झाली.

तिचे वाद्य सबॉटनिक व त्यांच्या सहकाऱ्याने डॉन बुकला यांच्याकडून घडवून घेतले होते. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नव्हत्या. धातूच्या पट्टिकांना बोटांनी स्पर्श करावा लागे. पट्ट्या दिसताच बोटे जुन्या सुरावटींकडे वळतील, ही त्यामागील धास्ती होती. पुढच्याच वर्षी वेंडी कार्लोस यांनी पट्ट्या असलेल्या मोग वाद्यावर बाखच्या रचना सादर केल्या आणि त्या तबकडीचा खप अफाट झाला. ते यश गुणांचेच होते. तथापि बाजाराने पुढे पट्ट्यांनाच कौल दिला.

मराठी रसिकाला हा वाद परका वाटू नये. संगीत नाटकाने पेटी आपलीशी केली, तरी तिच्या ठरीव सुरांत मींड आणि श्रुती बसत नाहीत हा आक्षेप उरलाच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. वाद्याने कानाला मर्यादा घालावी काय, हाच दोन्हीकडे प्रश्न होता. परंतु बंदीने कान तयार होत नाहीत. सबॉटनिक यांनी कोणतेही वाद्य निषिद्ध ठरविले नाही. आपल्या कल्पनेला हवे ते वाद्य त्यांनी घडवून घेतले. हा मार्ग अधिक कष्टाचा, पण अधिक फलदायी होय.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००९ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत या कृतीला स्थान दिले. आज साध्या संगणकावरही हवा तो नाद निर्माण करता येतो. तरी पडद्यावर उमटते ते बहुधा पियानोच्या पट्ट्यांचेच चित्र. साधन मोकळे झाले, सवय मात्र जुनीच राहिली. ती ओळखणे हे संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.