गढूळतेचा आकडा आणि गाळाचे वजन

पाण्यात तरंगणाऱ्या कणांमुळे प्रकाश सरळ न जाता विखुरतो आणि पाणी गढूळ दिसते. गढूळतामापक गाळ तोलत नाही. पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशझोताच्या काटकोनात किती प्रकाश विखुरला, तेवढेच तो पाहतो आणि एनटीयू या एककात सांगतो. त्यामुळे गाळाचे वजन सारखे असूनही आकडे वेगळे येऊ शकतात.

अहेरीजवळून वाहणारी प्राणहिता हे याचे चांगले उदाहरण आहे. वर्धा काळ्या मातीच्या मुलखातून येते, तर वैनगंगा पूर्व विदर्भातील जुन्या स्फटिकमय खडकांच्या प्रदेशातून. दोघींच्या संगमातून प्राणहिता तयार होते आणि पावसाळ्यात चिकणमाती, रेती व कुजलेला पालापाचोळा एकत्रच वाहून नेते.

यात कणांचा आकार सर्वांत महत्त्वाचा. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून लहान असतात. तेवढ्याच वजनाच्या रेतीपेक्षा त्यांची संख्या कितीतरी पट जास्त भरते, म्हणून आकडाही मोठा येतो. शिवाय मोठे कण बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेने फेकतात. काटकोनात कमी पोहोचतो. ०.१ मिलिमीटरची रेती स्थिर पाण्यात सुमारे दोन मिनिटांत मीटरभर खाली बसते, तर २ मायक्रॉनच्या कणाला तीनेक दिवस लागतात. म्हणून मोजण्यापूर्वी नमुना हलवून एकजीव करावा लागतो. मात्र त्यात बुडबुडे राहू द्यायचे नाहीत, कारण तेही प्रकाश विखुरतात.

रंगानेही फरक पडतो. कोळशाची भुकटी प्रकाश शोषते, त्यामुळे पाणी काळे असूनही आकडा कमी दिसतो. पाल्याचा तपकिरी रंग उतरलेल्या पाण्यात ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरल्यास ही चूक घटते. काळे कण मात्र तोही शोषतात. कण आणि पाणी यांच्या अपवर्तनांकातील फरकही महत्त्वाचा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर रेतीतील क्वार्ट्झचा सुमारे १.५४ आहे. शेवाळाच्या पेशींचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असल्याने त्या तुलनेने कमी प्रकाश विखुरतात. गाळ फार दाट झाला, तर विखुरलेला प्रकाश वाटेतच अडतो आणि आकडा उलट उतरू लागतो.

उपकरणाचे प्रमाणीकरण फॉर्माझिन या पांढऱ्या कृत्रिम निलंबनाने होते. नदीचा गाळ तसा नसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ एनटीयूची मर्यादा ठरवते, दुसरा स्रोत नसल्यास ५. नदीतील गाळाचा अंदाज घ्यायचा असेल, तर त्याच नदीचे नमुने गाळून, वाळवून, तोलून आकड्यांशी ताडून पाहावे लागतात.