चित्रातून हरवलेला संत

हरवलेली वस्तू सापडावी म्हणून कॅथलिक भाविक ज्याला साकडे घालतात, तो पाडुआचा संत अँथनी १८७४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच हरवला. स्पेनमधील सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्ये मुरिल्योने १६५६ साली रंगविलेले त्याचे भव्य चित्र आहे. एका रात्री चोराने त्या चित्रातून केवळ संताची आकृती कापून नेली. मागे उरले ते आकाशातून उतरणारे बालक, त्याच्याभोवतीचे देवदूत आणि खाली एक भलेमोठे भगदाड.

चोराचा हिशेब उघड होता. सुमारे अठरा फूट उंचीचा कॅनव्हास पळविणे अवघड. गुडघे टेकलेला एक साधू मात्र गुंडाळून नेता येतो. मुरिल्योचे स्वतंत्र चित्र म्हणून तो खपेल, अशी अटकळ असावी. हिशेब व्यवहाराचा होता, पण त्यात चित्राचा विचार नव्हता.

कारण या चित्राचा प्राण दोन आकृतींमधील अंतरात आहे. अँथनीच्या हातांत विसावलेला बाल येशू हा युरोपीय चित्रकारांचा आवडता विषय. खुद्द मुरिल्योनेही तो इतरत्र हाताळला आहे. येथे मात्र त्याने ती जवळीक दिलेली नाही. बालक अजून वर, सोनेरी तेजोवलयात आहे. खाली मठाच्या काळोख्या खोलीत संताने हात पसरले आहेत. भेट होऊ घातली आहे, झालेली नाही. बाजूच्या उघड्या दारातून दिवसाचा साधा उजेड दिसतो. त्याकडे संताचे लक्षही नाही.

या पसरलेल्या हातांचा अर्थ तत्कालीन सेव्हिलकरांना समजावून सांगावा लागला नसेल. सातच वर्षांपूर्वी, १६४९ च्या प्लेगमध्ये शहराची जवळजवळ निम्मी वस्ती नाहीशी झाली होती. मुरिल्यो स्वतः दहाएक वर्षांचा असतानाच आईबापांना पारखा झालेला. त्याच्या बालकांच्या गोडव्याला पुढील समीक्षकांनी पुष्कळ नाके मुरडली. ते गोड आहेत, हे खरेच. पण हा गोडवा कोणत्या शहरात जन्मला, याचा विसर पडून कसे चालेल?

१८७५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील शाऊस नावाच्या चित्रविक्रेत्याकडे कापलेला संत विक्रीला आला. त्याने तो ओळखला, २५० डॉलरना घेतला आणि स्पेनच्या वकिलातीच्या स्वाधीन केला. प्रादो संग्रहालयाचे जीर्णोद्धारक मार्तिनेझ कुबेल्स यांनी त्याच वर्षी तो मूळ जागी जोडला.

सगळ्याच चित्रांचे दैव असे बलवत्तर नसते. याच कॅथीड्रलसाठी मुरिल्योने काढलेले ‘मेरीचा जन्म’ नेपोलियनच्या सुल्त नावाच्या सेनापतीने नेले. ते आज पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. रात्रीच्या चोराचा माल परत आला, दिवसाढवळ्या सेना घेऊन आलेल्याचा आला नाही!

अँथनीचे चित्र आजही त्याच चॅपेलमध्ये आहे, जिथे बाप्तिस्म्याचे कुंड आहे. येणारे प्रवासी बहुधा सांधा शोधत संताच्या आकृतीभोवती नजर फिरवतात. संत मात्र वर पाहतो आहे, हात पसरून, बालकाची वाट पाहत.